भांगेची पानं आणि आत्याची हजेरी

'इतर' या शब्दाची मला चीड आहे. लग्नपत्रिकेत 'व इतर आप्तेष्ट' म्हणजे ज्यांची नावं छापायची कुणाला गरज वाटली नाही ते. समारंभाच्या बातमीत 'इतर मान्यवर' म्हणजे ज्यांनी खुर्च्या भरल्या ते. पण खरी चीड येते ती प्रयोगशाळेच्या नोंदवहीतल्या शेवटच्या रकान्याची. तिथं 'इतर' हा शब्द मी स्वतः, माझ्या वळणदार अक्षरात, सहा वर्षं लिहीत होते.

वाघोडियाला औद्योगिक वसाहतीत आयुर्वेदिक औषधांचा एक कारखाना होता. तिथं मी तपासनीस रसायनज्ञ होते. शहरातून, फतेगंजहून, सकाळी कंपनीची बस निघायची, संध्याकाळी परत आणून टाकायची. दिवस असे होते की पानाच्या टपरीवर परदेशी शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लटकायला लागल्या होत्या आणि केबलवाला एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर वायरी ओढत फिरत होता. सगळ्यांना सगळं नवीन, चकचकीत आणि एकसारखं हवं होतं. मलाही हवं होतं. खोटं कशाला बोलू?

आमच्या कारखान्यात पोटाच्या जुन्या दुखण्यावर एक चूर्ण बनायचं. सुंठ, लवंग, जायफळ, वेलची, आणि त्यात भांगेची पानं. परवाना होता, पानं सरकारी शिक्क्यानिशी तोलून यायची, तोलून कोठारात जायची. चूर्णाची कृती जुन्या शहरातल्या घडियाळी पोळ या गल्लीतल्या एका वैद्यांची. आम्ही त्यांना वैद्यकाका म्हणायचो. कंपनीनं कृती त्यांच्याकडून घेतली होती, पण स्वतःच्या रोग्यांपुरतं चूर्ण ते घरच्या औषधशाळेत अजून हातानं करत. पानं फडक्याच्या पोटलीत बांधून धुवायची, पाणी नितळ येईपर्यंत. मग सावलीत सुकवायची. मग गायीच्या तुपात मंद आचेवर परतायची, कच्च्या गवताचा वास जाऊन खरपूस वास येईपर्यंत. हे सगळं करताना काका घड्याळाकडे बघायचे नाहीत, नाकानं काम करायचे. मला तेव्हा त्याचं हसू यायचं.

या चूर्णावर माझी आत्या जगत होती. 'जगत होती' हे मी उगाच वाढवून सांगत नाही.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्न केलं नाही, मुलींच्या शाळेत शारीरिक शिक्षणाची शिक्षिका होती. आमचं घराणं संस्थानच्या फौजेतलं. फौज गेली, तलवारी मोडीत गेल्या, आवाज तेवढा राहिला, आणि तो सगळाच्या सगळा आत्याच्या वाट्याला आला होता. तिनं 'सावधान' म्हटलं की रस्त्यावरची गायसुद्धा थांबायची. निवृत्त झाली आणि वर्षभरात तिच्या पोटानं घात केला. खाल्लं की पळापळ. डॉक्टरांच्या तपासण्यांत काही निघेना. एवढी दांडगी बाई, पण संडासापासून पन्नास पावलांपलीकडे जायची तिची हिंमत होईना. लग्नं सुटली, बाजार सुटला, नाटक सुटलं. घडियाळी पोळातल्या दोन खोल्यांत ती खिडकीशी बसून राहायची.

वैद्यकाका समोरच राहायचे. त्यांनी चिमूटभर चूर्ण ताकात द्यायला सुरुवात केली. जादू वगैरे झाली नाही. चार-सहा महिने गेले. पण एका सकाळी आत्या कमाटीबागेपर्यंत चालत गेली आणि चालत परत आली. पुढच्या वर्षी तिनं तिथं बायकांचा व्यायामाचा वर्ग काढला. साठीच्या बायका, पायांत कॅनव्हासचे बूट, काष्टा मारून हातात लेझीम! आणि शाळेसारखा हजेरीपट. जांभळ्या पुठ्ठ्याचा, तिनं स्वतः रेघा मारलेला. एक दिवस बुडवला की 'गैरहजर' अशी सणसणीत नोंद, मग सबब सुनेचं बाळंतपण का असेना.

मी तिला चिडवायची, "दारूबंदीचं राज्य, आणि आमची आत्या भांगेवर!"

"अगं जा! तुमच्या त्या खोकल्याच्या बाटलीत काय तीर्थ असतं?" ती म्हणायची. "चिमूटभर औषध वेगळं आणि शिवरात्रीची लोटाभर ठंडाई वेगळी. एवढं शिकलीस, तेवढं कळत नाही?"

मग आमच्या कारखान्यात नवे साहेब आले. दोन वर्षं परदेशात राहून आलेले, वाघोडियाच्या मे महिन्यात टाय लावणारे. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगते. त्यांचं म्हणणं सरळ होतं. चूर्ण आता कोण चाटतंय? लोकांना कॅप्सूल हवी. कॅप्सूलमध्ये दर वेळी नेमकं तेच, तेवढंच हवं. पान म्हणजे आज एक, उद्या दुसरं. तेव्हा पानांतून कामाचं तेवढं काढून घ्यायचं, शुद्ध करायचं, पिठावर जिरवायचं आणि मसाल्यांबरोबर कॅप्सूलमध्ये भरायचं.

"बेन, एक रेणू, एक काम," ते मला अर्ध्या गुजरातीत म्हणाले. "बाकी बधुं कचरो, सगळा कचरा."

मला पटलं. पटणारच. मी तरी काय करत होते? चूर्णातलं नशा आणणारं जे मुख्य द्रव्य, त्याचं प्रमाण मी मोजायची. एक आकडा यायचा. उरलेल्या दहा-बारा गोष्टी 'इतर'मध्ये ढकलायच्या. नव्या कॅप्सूलची पहिली खेप आली, मी तपासली, जुन्या चूर्णाच्या मात्रेइतकाच आकडा आला. 'पूर्वीच्या औषधाशी समान' असं छापलेल्या कागदावर मी सही ठोकली. आणि शनिवारी संध्याकाळी मोठ्या दिमाखात एक डबी आत्याला नेऊन दिली. तिच्या तपासणीच्या कागदावर माझी सही आहे, हेही सांगितलं. आत्यानं चष्मा लावून डबी उलटसुलट पाहिली आणि म्हणाली, "बघा, आमच्या पोरीचं औषध!"

सोमवारी पहाटे तिनं कॅप्सूल घेतली आणि वर्गाला गेली.

पुढचं मला त्या वर्गातल्या एका बाईनं सांगितलं. लेझीम सुरू होतं. मध्येच आत्याचा हात थांबला. चेहरा पांढराफटक, छाती धडधडते आहे, घशाला कोरड. "मला भीती वाटते," असं ती म्हणाली. माझी आत्या! सगळ्या बायका आपल्याकडे चालून येताहेत असं तिला वाटत होतं. आणि त्या भीतीनं पोटानं दगा दिला. उभ्या जागी, वीस बायकांच्या देखत, तिची साडी खराब झाली. दोघींनी तिला शाल गुंडाळून रिक्षातून घरी आणलं.

मी संध्याकाळी गेले. आत्या पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती. बऱ्याच वेळानं उठून बसली. "हे माझं चूर्ण नाही," एवढंच म्हणाली.

आणि मी, तिच्या समोर हातभर अंतरावर बसून, उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हटलं, "आत्या, आकडा तोच आहे. मी स्वतः मोजलाय. हे तुझ्या मनाचे खेळ आहेत."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. उठली, चहा ठेवला, माझ्यापुढे कप सरकवला. मी तो प्यायले. बाहेर पडले तेव्हा दारात म्हणाली, "जपून जा."

तिनं वर्ग बंद केला. कॅप्सूल तर सोडलीच, पण चूर्णही सोडलं. कशावरच भरवसा राहिला नव्हता तिचा. महिन्याभरात पुन्हा तीच खिडकी, तीच खुर्ची. वर्गातल्या बायका भेटायला आल्या तर आतून कडी लावून घ्यायची.

माझ्या मनात काय चाललं होतं सांगू? राग. तिच्यावर नाही, वैद्यकाकांवर. मी तडक त्यांच्याकडे गेले आणि म्हटलं, "तुम्ही तिला सवय लावलीत. आता शास्त्रशुद्ध औषध तिला सोसत नाही."

काका पानं निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही. "किती जणांना मोजलंस?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"पानात एक जण राहतो का? बिऱ्हाडं आहेत चिक्कार. तू एकाला मोजलंस. त्याच्या शेजाऱ्यांचं काय केलंस?" मग त्यांनी त्यांच्या चूर्णाची एक पुडी बांधून माझ्या हातात दिली. "तुझ्याकडे यंत्रं आहेत. मला नाकच आहे."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी एक साधी चाचणी लावली, कॉलेजची मुलंसुद्धा करतात ती. काचेच्या पट्टीवर पांढऱ्या भुकटीचा थर असतो. खाली औषधाचा थेंब लावायचा, पट्टी द्रावणात उभी करायची. द्रावण वर चढतं आणि औषधातल्या एकेका द्रव्याला आपापल्या उंचीपर्यंत ओढून नेतं. मग फवारा मारला की जो तो आपला रंग दाखवतो. डावीकडे मी काकांचं चूर्ण लावलं, उजवीकडे आमची कॅप्सूल.

उजवीकडे एकच ठिपका उमटला. लाल, गलेलठ्ठ, स्वच्छ. डावीकडे तसाच लाल ठिपका होता, पण त्याच्या शेजारी एक नारिंगी, तेवढाच मोठा. खाली एक जांभळट. त्याच्या वर-खाली फिकट अशा कितीतरी खुणा. खिडकीपाशी जाऊन मी ती पट्टी उन्हात धरली. आणि लाज अशी वाटली की काय सांगू! हे सगळे ठिपके मी सहा वर्षं बघत आले होते. त्यांनाच मी 'इतर' म्हणत होते.

मग मी हाताला लागतील ते लेख वाचून काढले. लाल ठिपक्याचं द्रव्य एकटंच आणि जोरात अंगात शिरलं तर काही जणांची छाती धडधडते, भीती दाटते. नारिंगी ठिपक्याच्या द्रव्यानं नशा येत नाही, पण ते सोबत असलं तर त्या भीतीला थोडा लगाम बसतो, असं काहींचं म्हणणं. पानाला वास देणारी तेलं वेगळीच, त्यांचंही काही काम असावं. कच्च्या पानात ही द्रव्यं जणू झोपलेली असतात, आच लागली की बदलतात. म्हणजे काकांचं ते परतणं केवळ रीत नव्हती. तूप असेल तर अंगात ती वेगळ्या गतीनं जिरतात. यातलं कुठलं एक माझ्या आत्याला सावरत होतं? नारिंगी ठिपका? तूप? सगळी मिळून? मला ठाऊक नव्हतं. एका हातानं टाळी वाजत नाही एवढं कळत होतं, पण किती हात ते मोजता येत नव्हते.

रविवारी मी आत्याकडे गेले. म्हटलं, "आत्या, कदाचित तू म्हणतेस ते बरोबर असेल."

"कदाचित?" कित्येक आठवड्यांनी तिचा तो जुना आवाज फुटला. "कदाचित म्हणजे काय गं? मग घे परीक्षा! बांध पुड्या. कुठली कुठली ते सांगू नकोस. मी सांगते."

"आत्या, पुन्हा तसं झालं तर?"

"झालं तर झालं. घरातच आहे ना मी? आणि पुड्या तू बांधायच्या नाहीस. तुझ्या तोंडावर सगळं लिहिलेलं असतं."

म्हणून पुड्या वैद्यकाकांनी बांधल्या. बारा. सहांत त्यांचं चूर्ण, सहांत आमच्या कॅप्सूलमधली भुकटी. मात्रा पाव, त्यावर मी अडून बसले. वास कळू नये म्हणून ते सगळं त्यांनी मधात कालवून द्यायचं ठरवलं, वरून चमचाभर लवंगेचा काढा. कुठल्या आकड्याची पुडी कुठली, याची यादी त्यांच्या पत्र्याच्या डब्यात कुलपात. एक दिवसाआड एक. काका समोरच असल्यामुळे त्यांचं लक्ष राहायचं.

आत्यानं हजेरीपटाची मागची पानं काढली. पुडीचा आकडा लिहायची आणि दोन तासांनी समोर नोंद करायची: 'हजर' किंवा 'गैरहजर'.

"म्हणजे काय?" मी विचारलं.

"मी माझ्यात असले तर हजर. नसले तर गैरहजर. एवढी सोपी गोष्ट आहे."

ज्या दिवशी ती स्वतःत नसायची, त्या दिवशी पलंगाचा कठडा घट्ट धरून बसायची. पाव मात्रा असूनसुद्धा ओठ कोरडे पडायचे. मी एकदा म्हटलं, पुरे कर, मला पटलंय. तर म्हणाली, "तुला पटून काय उपयोग? तुझी सही त्या कागदावर पोचलीय, तिचं काय?"

बारावी पुडी झाली. काकांनी डबा उघडला. अकरा नोंदी बिनचूक. एकीच्या पुढे तिनं 'शंका' लिहिलं होतं. "त्या दिवशी खरंच कळलं नाही," ती म्हणाली, "मग खोटं कशाला लिहू?"

हजेरीपट मी कारखान्यात न्यायला मागितला, तर तिनं साफ नकार दिला. "हजेरीपट शाळेबाहेर जात नसतो." शेवटी मी सगळं फुलस्केप कागदावर उतरवून घेतलं आणि पट्टीबरोबर साहेबांपुढे ठेवलं.

त्यांनी शांतपणे वाचलं. "एक मासी, बारा पुड्या. आ डेटा नथी, बेन."

"नाही," मी म्हटलं. "हा पुरावा नाही. पण शंका आहे. ती तपासायला हवी. निदान कागदावरून 'समान' हा शब्द काढा."

"आकडा समान आहे."

"एक आकडा समान आहे. बाकीचे आपण फेकून दिलेत. फेकलेलं निरुपयोगी होतं हे कुणी तपासलंय? मी नाही. तुम्ही नाही. मग कचरा कशावरून म्हणायचं?"

त्यांनी दुसऱ्या खेपेचा कागद माझ्यापुढे सरकवला. पेनही ठेवलं. म्हणाले, तुम्ही नाही केलीत तर दुसरं कुणी करेल. बोलण्यात धमकी नव्हती, खरं तेच सांगत होते.

"करू दे," मी म्हटलं. "माझ्या नावाची शाई मिळणार नाही. गेल्या वेळची सहीही मी मागे घेते, तसं लिहून देते." आवाज आत्याचा निघाला. शेजारच्या खोलीतल्या टाइपरायटरची टकटक थांबली. शेंडी तुटो की पारंबी! राजीनाम्याचा अर्ज लिहिला, टेबलावर ठेवला, जेवणाचा डबा उचलला आणि भर दुपारी फाटकाबाहेर पडले. परतीच्या बसला चार तास होते. फाटकासमोरच्या पीसीओमधून आत्याला फोन लावला. "सही नाही केली," एवढंच सांगितलं.  आत्या म्हणाली, "जेवलीस का?"

गोष्टीत असतं तसं काही झालं नाही. कॅप्सूल बाजारात आली. काहींना मानवली, काहींना नसेल. काही वर्षांनी बंद झाली, ती का ते मला माहीत नाही, आणि माझ्यामुळे झाली अशी फुशारकी मी मारणार नाही. मी एका कॉलेजात शिकवायला लागले. मुलांच्या नोंदवहीत 'इतर' दिसलं की लाल रेघ मारते, अजूनही. विचारते, "नावं नाहीत का यांना? माहीत नसेल तर 'माहीत नाही' असं लिहा."

अलीकडे या झाडातली द्रव्यं अंगात मिळून कशी काम करतात, यावर मोठमोठी माणसं वाद घालतात. कुणी म्हणतं सिद्ध झालं, कुणी म्हणतं काही सिद्ध नाही. घालू देत. माझ्या आत्याच्या बारा पुड्यांनी काही सिद्ध झालं असं मीही म्हणत नाही. मी एवढंच म्हणते की जे मोजलं नाही त्याला कचरा म्हणायचा हक्क कुणाला नाही. आणि जिच्या अंगात औषध जातं, तिच्या सांगण्याला मनाचे खेळ म्हणायचा तर मुळीच नाही.

आत्यानं काकांचं चूर्ण पुन्हा सुरू केलं. तीन महिन्यांनी कमाटीबागेत गेली. पिशवीत एक जादा साडी घेऊन गेली, आणि वर्गातल्या सगळ्या बायकांना ती काढून दाखवली. "ही माझी साडी. लागली तर नेसेन. हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्या. झालं? सावधान!" ती साडी पुढे अकरा वर्षं पिशवीत होती. एकदाही लागली नाही.

ती गेल्यावर तिच्या खोल्या आवरायला मीच होते. जांभळ्या पुठ्ठ्याचा हजेरीपट पत्र्याच्या पेटीत, लेझमीखाली सापडला. वर्गातल्या बायकांची नावं, ओळीनं. सगळ्यांत खाली, पेन्सिलीनं, एक ओळ जास्तीची होती: 'भाची'. पुढचे रकाने बहुतेक रिकामे. भरलेले दोनच.

पहिला त्या सोमवारचा. मी तिच्या समोर हातभर अंतरावर बसले होते, तिच्या हातचा चहा प्यायले होते. तिथं लिहिलं होतं, 'गैरहजर'.

दुसऱ्या नोंदीची तारीख मी दोनदा वाचली. त्या दिवशी ती घडियाळी पोळात होती आणि मी वाघोडियाला, भर उन्हात, पीसीओच्या खोक्यात रिसीव्हर धरून उभी होते. आमची गाठसुद्धा पडली नव्हती. तिथं शाईनं लिहिलं होतं, 'हजर'.